ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीतील डिफरन्शियल : फेऱ्यांचा हिशेब आणि जोराचा हिशेब

ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांना देणाऱ्या गाडीच्या माहितीपत्रकात ‘५०:५०’ किंवा ‘४०:६०’ असे आकडे ठळक छापलेले असतात, पण हे टक्के नेमके कशाचे आहेत याचा खुलासा तेथे क्वचितच सापडतो. नवख्या वाचकाचा बहुतेक गोंधळ येथूनच सुरू होतो. डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातेरी चाकांची जोडणी, दोन गोष्टींची वाटणी करते: चाकांच्या फेऱ्यांची आणि चाके फिरवणाऱ्या जोराची, म्हणजेच टॉर्कची. या दोन वाटण्यांचे नियम वेगळे आहेत. दोन्ही हिशेब स्वतंत्र वह्यांत मांडल्यासारखे वेगळे ठेवले, तर बाजारातली कोणतीही प्रणाली समजून घेणे अवघड राहत नाही. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

पायरी १ : वळणात चाके किती अंतर कापतात ते मोजावे

एका ॲक्सलवरील दोन चाकांमधले अंतर १.५ मीटर आहे असे धरू. गाडी काटकोनात, म्हणजे ९० अंशांत वळते तेव्हा मागच्या ॲक्सलचे बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे २.३६ मीटर जास्त धावते. गंमत अशी की वळण अरुंद असो वा ऐसपैस, हा फरक तेवढाच राहतो. अरुंद वळणात तो थोडक्या अंतरात भरून काढावा लागतो, इतकेच. दोन्ही चाके एकाच सलग दांड्यावर घट्ट बसवली असती, तर हे सव्वादोन मीटरहून अधिक अंतर टायर घासूनच भरून निघाले असते.

पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्येही असाच फरक पडतो, आणि ऑल-व्हील ड्राइव्हचा विषय खऱ्या अर्थाने तेथे सुरू होतो. पुढची चाके नेहमी मोठ्या वर्तुळावरून जातात. पुढच्या व मागच्या ॲक्सलमधील अंतर २.७ मीटर असेल आणि मागच्या ॲक्सलचा मध्य ५.५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरत असेल, तर पुढच्या ॲक्सलचा मध्य सुमारे ६.१३ मीटर त्रिज्येवर फिरतो. पूर्ण एक चक्कर मारली की पुढचा ॲक्सल मागच्यापेक्षा जवळजवळ ३.९ मीटर जास्त चालतो, म्हणजे सामान्य आकाराच्या चाकाच्या सुमारे दोन फेऱ्या.

पायरी २ : पट्टी, दोरा आणि दोन खोकी

डिफरन्शियलच्या आकृत्या पाहून डोके गरगरते असा अनेकांचा अनुभव आहे, आणि माझाही तोच होता. म्हणून आधी एक छोटा प्रयोग करून पाहावा. ३० सेंटिमीटरची पट्टी घेऊन तिच्या बरोबर मध्यावर ओढण्यासाठी दोरा बांधावा. दोन टोकांना सारख्या लांबीच्या दोऱ्यांनी पुठ्ठ्याची दोन सारखी रिकामी खोकी बांधावीत आणि सर्व सरंजाम गुळगुळीत टेबलावर ठेवून मधला दोरा सावकाश ओढावा. दोन्ही खोकी बरोबरीने सरकतात आणि पट्टी आडवी सरळ राहते.

आता एका खोक्यात वजनदार वस्तू ठेवून पुन्हा ओढावे. पट्टी तिरकी होते, रिकामे खोके पुढे पळते आणि भरलेले खोके जागचे हलत नाही. मधला दोरा १० सेंटिमीटर ओढला असेल, तर रिकामे खोके जवळजवळ २० सेंटिमीटर सरकलेले दिसते. शिवाय हाताला जाणवणारा भार अगदी किरकोळ असतो: रिकाम्या खोक्याला लागणाऱ्या ओढीच्या फक्त दुप्पट. भरलेल्या खोक्याच्या दोऱ्यालाही तेवढाच, म्हणजे रिकाम्या खोक्याइतकाच ताण येतो आणि तो त्याला हलवायला पुरत नाही.

साध्या, म्हणजे ‘ओपन’ डिफरन्शियलचे दोन्ही नियम या टेबलावर दिसले. पहिला नियम फेऱ्यांचा: दोन्ही बाजूंच्या फेऱ्यांची सरासरी ही आत येणाऱ्या फेऱ्यांइतकी असते, एक बाजू जितकी मागे पडेल तितकीच दुसरी पुढे जाते. दुसरा नियम जोराचा: दोन्ही बाजूंना जोर नेहमी समान मिळतो, आणि तो किती असावा हे कमकुवत बाजू ठरवते.

गाडीत पट्टीची जागा दातेरी चाके घेतात. इंजिनाकडून येणारा प्रॉपेलर शाफ्ट पिनियनला, म्हणजे छोट्या दातेरी चाकाला फिरवतो, पिनियन क्राउनला, म्हणजे मोठ्या दातेरी चाकाला फिरवते आणि क्राउनला एक पिंजरा बोल्टने पक्का जोडलेला असतो. पिंजऱ्यात आडव्या पिनवर दोन किंवा चार छोटे स्पायडर गिअर बसवलेले असतात आणि त्यांच्या दोन्ही अंगांना एकेक साइड गिअर असतो, ज्यातून चाकांकडे जाणारे शाफ्ट निघतात. गाडी सरळ जाते तेव्हा स्पायडर गिअर पिनवर स्वतःभोवती फिरत नाहीत, पिंजऱ्याबरोबर नुसते वाहून नेले जातात. वळणात मात्र ते पिनवर फिरू लागतात आणि एका बाजूच्या फेऱ्या कमी करून तेवढ्याच दुसऱ्या बाजूला देतात. पट्टी पूर्ण तिरकी झाली की तिचे काम संपते. गिअर म्हणजे एकामागून एक हजर होणाऱ्या पट्ट्या असल्यामुळे त्याचे काम संपत नाही.

ही कल्पना मोटारींपेक्षा जुनी आहे. फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर यांनी वाफेच्या गाडीसाठी असे डिफरन्शियल १८२० च्या दशकाच्या अखेरीस मांडले होते, आणि आजच्या ओपन डिफरन्शियलचे तत्त्व त्यापेक्षा वेगळे नाही.

पायरी ३ : तिसरे डिफरन्शियल कोठे आणि का

चारही चाकांना जोर द्यायचा, तर पुढच्या ॲक्सलवर एक, मागच्या ॲक्सलवर एक आणि त्या दोन ॲक्सलांमध्ये एक, अशी तीन डिफरन्शियल लागतात. मधल्याला सेंटर डिफरन्शियल म्हणतात. पहिल्या पायरीत जो ३.९ मीटरचा फरक मोजला, तो पचवणे हे त्याचे काम.

सेंटर डिफरन्शियल नसले तर काय होते, हे पार्ट-टाइम फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांत स्वच्छ दिसते. अशा गाडीत लिव्हर टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना सरळ जखडले जातात. चिखलात किंवा वाळूत टायर थोडे घसरून फरक जिरवतात, पण कोरड्या डांबरावर घसरायला वाव नसल्यामुळे शाफ्टांमध्ये पीळ साठत जातो. स्टिअरिंग जड होते, अरुंद वळणात गाडी कोणीतरी मागून धरल्यासारखी अडते, टायर चरचरतात आणि लिव्हर पुन्हा टू-व्हीलवर आणायला गेले तर तो जागचा हलत नाही. अशा वेळी लिव्हरशी झटापट करू नये. गाडी थोडे अंतर सरळ मागे घेतली की बहुधा पीळ उतरतो आणि लिव्हर सुटतो.

सेंटर डिफरन्शियलने जोर समसमानच वाटला पाहिजे असे नाही. वर पाहिलेल्या स्पायडर-साइड गिअरांऐवजी (त्यांना बेव्हल गिअर म्हणतात) प्लॅनेटरी, म्हणजे मधल्या गिअरभोवती छोटे गिअर फिरणारी रचना केली तर वाटणी असमान ठेवता येते. पट्टीच्या उदाहरणात दोरा मध्याऐवजी एका टोकाकडे सरकवून बांधण्यासारखेच हे आहे. १९६६ च्या जेन्सन एफएफ या ब्रिटिश मोटारीत पुढे सुमारे ३७ टक्के आणि मागे ६३ टक्के जोर जाई. डिफरन्शियल मोकळे असताना असे प्रमाण गिअरच्या दात्यांनीच ठरवलेले असते, त्यामुळे येथे छापलेला आकडा खरोखर जोराचा असतो.

पायरी ४ : चार चाकांना जोर असूनही गाडी का अडकते

हा भाग सावकाश वाचावा, कारण पुढचे सर्व उपाय याच आकडेमोडीवर उभे आहेत. गाडीचे वजन १,६०० किलो आहे आणि प्रत्येक चाकावर ४०० किलो भार आहे असे ढोबळमानाने धरू. कोरड्या डांबरावर चाक आपल्या भाराच्या सुमारे आठ दशांश जोर रस्त्याला लावू शकते, म्हणजे ३२० किलो वजनाइतका. बर्फावर हेच प्रमाण एक दशांशावर येते, म्हणजे ४० किलो.

तीन चाके कोरड्या डांबरावर आणि एकच चाक बर्फावर आहे. तिन्ही डिफरन्शियल ओपन आहेत आणि सेंटरची वाटणी समसमान आहे. बर्फावरचे चाक ४० च्या वर जोर घेऊ शकत नाही, म्हणून त्याच ॲक्सलवरच्या दुसऱ्या चाकालाही ४० च मिळतात. त्या ॲक्सलची बेरीज ८० झाली, म्हणून सेंटर डिफरन्शियल दुसऱ्या ॲक्सललाही ८० च देते. एकूण १६०. चारही चाके बर्फावर असती तरी बेरीज हीच आली असती! एवढ्या जोरावर ही गाडी दहास एक या प्रमाणाच्या चढावर जेमतेम तग धरेल, मग तिचे इंजिन कितीही ताकदीचे असो.

फेऱ्यांचा हिशेबही याच वेळी पाहून घ्यावा. गाडी जागची हलत नाही, म्हणजे तीन चाकांच्या फेऱ्या शून्य आहेत. सरासरीचा नियम पाळायचा तर सगळ्या फेऱ्या चौथ्या चाकाच्या वाट्याला येतात आणि ते नेहमीच्या चौपट वेगाने फिरते. गिअरबॉक्सवरून वेग मोजणाऱ्या जुन्या गाडीत काटा ताशी २० किलोमीटर दाखवत असेल, तर घसरणारे चाक ताशी ८० च्या वेगाने भिरभिरत असते. ॲक्सिलरेटर आणखी दाबून काहीच हाती लागत नाही, ते या कारणाने.

पायरी ५ : उपाय आणि त्यांची किंमत

सर्वांत सरळ उपाय म्हणजे लॉक. सेंटर डिफरन्शियल लॉक केले की पुढच्या-मागच्या शाफ्टांच्या फेऱ्या सक्तीने समान होतात आणि जोर मात्र ज्याची पकड असेल त्याच्याकडे जातो. वरच्याच उदाहरणात बर्फवाला ॲक्सल ८० देतो आणि कोरडा ॲक्सल आपले पूर्ण ६४० देतो; एकूण ७२०. बर्फवाल्या ॲक्सलचेही लॉक टाकले तर तो ४० अधिक ३२०, म्हणजे ३६० देईल आणि बेरीज १,००० होईल. लॉकने ‘५०:५० जोर’ मिळतो असे सर्रास लिहिले जाते, ते चूक आहे. लॉकमध्ये ५०:५० होतात त्या फेऱ्या. जोराची वाटणी या उदाहरणात ८०:६४० झाली. १९७० च्या रेंज रोव्हरला आणि १९८० च्या आउडी क्वाट्रोला असे चालकाने हाताने टाकायचे सेंटर लॉक होते. त्याची किंमत तिसऱ्या पायरीत सांगितलेलीच: कोरड्या रस्त्यावर ते टाकून वळू नये.

दुसरा उपाय टॉर्सन प्रकारच्या डिफरन्शियलचा, जो क्वाट्रो मालिकेत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आला. यात तिरक्या दात्यांचे गिअर जोर आला की एकमेकांवर आणि डिफरन्शियलच्या आवरणाच्या भिंतीवर दाबले जातात, आणि त्या घर्षणामुळे जोराची असमान वाटणी शक्य होते. कमकुवत बाजू जेवढा जोर सोसते त्याच्या ठरावीक पट, समजा तिप्पट, दुसऱ्या बाजूला देता येतो. सेंटरला असे डिफरन्शियल असेल तर ८० च्या जोडीला २४० मिळून एकूण ३२० होतात. ही क्रिया चाक घसरण्याची वाट पाहत नाही आणि वळणात अडतही नाही, म्हणून मला ही रचना सर्वांत सुबक वाटते. पण तिचा एक दोष गणितातच आहे: शून्याची तिप्पट शून्यच. एक चाक पूर्ण हवेत लटकले तर दुसरीकडे फारसे काही जात नाही. इलेक्ट्रॉनिक मदत नसलेल्या गाडीत अशा वेळी पायाने ब्रेक हलकासा दाबून धरला, तर लटकलेल्या चाकाला थोडा विरोध मिळतो आणि त्याची तिप्पट पलीकडे पोहोचते.

व्हिस्कस कपलिंगमध्ये सिलिकॉन तेलात बुडालेल्या, एकाआड एक बसवलेल्या पातळ चकत्या असतात. पुढच्या-मागच्या फेऱ्यांत फरक पडला की तेल घुसळले जाते आणि विरोध करते. चाक आधी घसरते आणि मगच मदत येते, हा विलंब त्यात मुळातच आहे. तेल जुने झाले की ही मदतही भरवशाची राहत नाही.

आजच्या बहुसंख्य गाड्यांत दिसणारा उपाय ब्रेकचा आहे. डिफरन्शियल ओपनच ठेवायचे आणि भिरभिरणाऱ्या चाकाचा ब्रेक संगणकाने आपोआप दाबायचा. बर्फावरच्या चाकाला रस्त्याचा ४० चा विरोध होता, त्यात ब्रेकने १०० ची भर घातली की डिफरन्शियलला तेथे १४० दिसतात आणि समान वाटणीच्या नियमाने पलीकडच्या चाकालाही १४० मिळतात. दुसऱ्या नियमाला दिलेली ही एक प्रकारची हुलकावणी आहे. मात्र ब्रेकने खाल्लेला जोर उष्णतेत जातो, म्हणून लांब चढावर ब्रेक तापले की यंत्रणा स्वतःला आवरते. चालकाने लक्षात ठेवायची गोष्ट अशी की खालून खर्र-खर्र आवाज आला म्हणून दचकून ॲक्सिलरेटर सोडू नये; एकाच दाबावर स्थिर धरून यंत्रणेला एक-दोन सेकंद द्यावेत.

पायरी ६ : आपल्या गाडीत नेमके काय आहे ते ओळखावे

‘ऑल-व्हील ड्राइव्ह’ ही पाटी असलेल्या कित्येक गाड्यांत, विशेषतः आडवे इंजिन असलेल्या छोट्या-मध्यम एसयूव्हींत, सेंटर डिफरन्शियल मुळी नसतेच. पुढची चाके कायम इंजिनाला जोडलेली असतात आणि मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या वाटेवर अनेक चकत्यांचा क्लच असतो. १९९८ पासून मोटारींत आलेले हाल्डेक्स कपलिंग हे या प्रकाराचे ठळक उदाहरण. संगणक क्लच जितका आवळेल तितका जोर मागे जाऊ शकतो, आणि वळणातला पुढचा-मागचा फरक चकत्या घसरून जिरवतात.

अशा गाडीच्या कागदावर ‘मागे ५० टक्क्यांपर्यंत’ असे लिहिलेले असले, तर त्याचा अर्थ क्लच पूर्ण आवळल्यावर फेऱ्या समान होतात, एवढाच बहुधा असतो. पुढची दोन्ही चाके बर्फावर असतील आणि क्लच तेवढा भार पेलत असेल, तर रस्त्याला लागणारा जवळजवळ सगळा जोर मागच्या चाकांकडून येईल. या रचनेला कमअस्सल ठरवण्याचे कारण नाही, रोजच्या वापराला ती उत्तम पुरते. पण खोल वाळूत बराच वेळ झगडल्यावर क्लच तापतो, सूचना झळकते आणि गाडी काही काळ निव्वळ पुढच्या चाकांवर येते, हे आधीच ठाऊक असलेले बरे.

ओळखण्यासाठी गाडीची पुस्तिका उघडून तीन प्रश्नांची उत्तरे शोधावीत. दोन ॲक्सलांमध्ये डिफरन्शियल आहे, क्लच आहे की सरळ जखडणारा लिव्हर आहे? लॉकचे बटण असल्यास ते कोणते लॉक टाकते, सेंटरचे की मागच्या ॲक्सलचे? आणि एकाच ॲक्सलवरच्या डाव्या-उजव्या चाकांसाठी खरे लॉक आहे की फक्त ब्रेकची मदत आहे? तिसरा प्रश्न विसरला जातो, आणि एकाच बाजूची चाके घसरड्या कडेवर गेली की नेमका तोच नडतो. पुढे एक व मागे एक मोटर असलेल्या विजेच्या गाडीत सेंटर डिफरन्शियलची गरजच उरत नाही, कारण दोन्ही ॲक्सलांना जोडणारा शाफ्टच नसतो. तरी प्रत्येक मोटरच्या पुढे डाव्या-उजव्यांसाठी डिफरन्शियल असतेच आणि बहुधा ते ओपन असते.

पायरी ७ : टायर, तेल, जॅक आणि टोइंग

टायरकडे होणारे दुर्लक्ष या गाड्यांना सर्वांत महाग पडते. नव्या टायरची नक्षी सुमारे ८ मिलिमीटर खोल असते. पुढे नवे टायर आणि मागे ३ मिलिमीटरपर्यंत झिजलेले असतील, तर त्रिज्येत ५ मिलिमीटरचा फरक पडतो. ३३ सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकासाठी हा फरक दर किलोमीटरला सात फेऱ्यांहून अधिक होतो, आणि तोही सरळ रस्त्यावर, अखंड. गाडी सरळ जात असूनही सेंटर डिफरन्शियलला किंवा क्लचला आपण कायम वळणात आहोत असेच वाटत राहते. म्हणून चारही टायर एकाच मापाचे आणि बनावटीचे ठेवावेत, पुस्तिकेत दिलेल्या अंतरावर त्यांची अदलाबदल करावी आणि हवेचा दाब नियमित तपासावा.

तेलाबाबत इतकेच की प्रत्येक डिफरन्शियलचे तेल स्वतंत्र असते आणि इंजिन ऑइल बदलले म्हणजे ते बदलले असे होत नाही. चकत्या असलेल्या लिमिटेड स्लिप, म्हणजे घसरण्याला घर्षणाने मर्यादा घालणाऱ्या डिफरन्शियलला वेगळे मिश्रण लागते. साधे तेल भरले तर संथ वळणात मागून थरथर आणि कुरकुर सुरू होते. कपलिंगचे तेल आणखी निराळे, आणि काही कपलिंगमध्ये त्याचा फिल्टरही असतो.

जॅक लावताना सरासरीचा नियम पुन्हा आठवावा. गिअर ‘पी’ मध्ये आहे म्हणजे गाडी हलणार नाही, हा भरवसा ओपन डिफरन्शियलच्या गाडीत एक चाक उचलताच संपतो. ‘पी’ मुळे फक्त आत येणाऱ्या फेऱ्या शून्य होतात, म्हणजे चार चाकांच्या फेऱ्यांची बेरीज शून्य राहते. तीन चाके उतारावर पुढे घरंगळू लागली तर उचललेले चाक हवेत उलटे फिरून ती बेरीज निमूटपणे जुळवते. म्हणून सपाट जागा निवडावी, हँडब्रेक ओढावा आणि जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी भक्कम उटी लावावी. चाक उचललेले असताना इंजिन सुरू करून गिअर टाकण्याचा मोह कधीही धरू नये; लॉक किंवा क्लच आवळला गेला तर जमिनीवरची चाके गाडीला जॅकवरून खाली ओढतील.

गाडी बंद पडली आणि ओढून नेण्याची वेळ आली, तर दोन चाके उचलून दोन जमिनीवर ठेवणारी क्रेन नाकारावी आणि चारही चाके वर घेणारा सपाट ट्रक मागवावा. एक ॲक्सल थांबलेला आणि दुसरा फिरणारा अशा अवस्थेत काही किलोमीटर गेले, तरी सेंटर डिफरन्शियल किंवा कपलिंग जळू शकते. एकाच ॲक्सलची चाके फिरवणाऱ्या रोलरवर ब्रेकची तपासणी होणार असेल, तर गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह आहे हे तपासणाऱ्याला आधीच सांगावे; मागच्या बाजूला लावलेली छोटी पाटी त्याच्या नजरेस पडेलच असे नाही.